विसाहिकनची दरी आणि चेस्टनट हिल: गाडीशिवाय एक दिवस

फिलाडेल्फियाला जाणारे आपले लोक लिबर्टी बेल पाहतात, संग्रहालयाच्या पायऱ्या चढून फोटो काढतात आणि संध्याकाळी न्यू जर्सीला परततात. एक दिवस हाताशी असेल तर याच शहरातल्या विसाहिकन ओढ्याच्या रानभरल्या दरीत जा, आणि गाडी न घेता जा. शनिवार-रविवारी दरीतल्या व्हॅली ग्रीन या ठिकाणी पार्किंग मिळवण्यातच सकाळ संपते.

शहराच्या मध्यातून सेप्टा या सार्वजनिक वाहतूक सेवेची चेस्टनट हिल वेस्ट लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. चेस्टनट हिल ईस्ट ही वेगळी लाइन आहे. तीही चेस्टनट हिल याच वस्तीत संपते, तेव्हा चुकून त्या गाडीत बसलात तरी बिघडत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

स्टेशनाबाहेर जर्मनटाउन अव्हेन्यू लागतो. दगडी फरसबंदी, मधून ट्रामचे रूळ. ट्राम 1992 मध्ये बंद झाली, रूळ तसेच राहिले. बेकऱ्या, चीजची दुकानं, कॅफे सगळं इथेच आहे. डबा आणला नसेल तर खाणं इथूनच बांधून घ्या, खाली दरीत फारसे पर्याय नाहीत. घरांच्या भिंती नीट पाहा. करडा, उन्हात चमचमणारा दगड दिसेल. तो विसाहिकन शिस्ट, त्यातली चमक अभ्रकाची. खाली ओढ्याकाठी याच दगडाचे कडे आहेत.

ही वस्ती घडवली हेन्री हॉवर्ड ह्यूस्टन या रेल्वेतल्या बड्या माणसाने. 1884 मध्ये लोकल इथवर आली आणि त्याने आसपासच्या जमिनीवर घरं उठवली. वास्तुकलेची आवड असेल तर वास्तुकार रॉबर्ट व्हेंचुरीने आईसाठी बांधलेलं 1964 चं घरही इथेच आहे. हिरवट रंगाचं, वरचं छप्पर मध्येच चिरल्यासारखं. ते खासगी आहे, रस्त्यावरूनच बघायचं.

मग रेक्स अव्हेन्यूने खाली उतरा. ओढ्याच्या वर एका खडकावर गुडघा टेकून बसलेल्या, डोळ्यांवर हात धरून दूर बघणाऱ्या लेनापी (इथली मूळ आदिवासी जमात) पुरुषाचा पुतळा आहे, 1902 चा. तो ह्यूस्टनच्या जावयाने बसवला. डोक्यावरचा पिसांचा भलामोठा मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा, लेनापींचा नव्हे. शिल्प देखणं आहे, पण ज्यांची ही जमीन होती त्यांचा वेशही धड आठवून केलेला नाही, हे खटकतं. पुतळ्यापर्यंतची वाट खडकाळ आहे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे सोबत असतील तर पूल ओलांडून सरळ फॉरबिडन ड्राइव्हवर या.

हा पाच मैलांहून जरा लांब, रुंद खडीचा रस्ता. 1920 च्या दशकापासून त्यावर मोटारींना मनाई आहे. चालणारे, सायकली आणि घोडे एवढीच वर्दळ. प्रवाहाच्या वरच्या बाजूला गेलात तर थॉमस मिल पूल लागतो, 1855 चा, छप्पर असलेला, लाल रंगाचा. हा फेरा घालाच. खालच्या बाजूला व्हॅली ग्रीन इन, 1850 च्या सुमाराचं. तिथे जेवण आणि स्वच्छतागृह दोन्ही मिळतं. बदकांना ब्रेड घालू नका.

हे जंगल आदिम वाटतं, पण तसं नाही. इथे ओढ्यावर गिरण्याच गिरण्या होत्या. ब्रिटिश अमेरिकेतली पहिली कागद गिरणी 1690 मध्ये याच दरीत खालच्या अंगाला निघाली, तिच्याभोवतीची रिटनहाउसटाउनची जुनी घरं अजून आहेत. ओढा स्कूलकिल नदीला मिळतो आणि शहर त्या नदीचं पाणी पितं. म्हणून 1868 पासून पालिकेने दरी ताब्यात घेतली, गिरण्या पाडल्या. पिण्याच्या पाण्याच्या काळजीतून वाचलेलं हे रान आहे.

डेव्हिल्स पूल हा डोह पलीकडच्या काठावर आहे. तिथे पोहायला बंदी आहे. उन्हाळ्यात लोक कड्यावरून उड्या मारताना दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. पाणी उथळ आणि खडक निसरडे आहेत.

बूट घाला, चप्पल नको. मे ते सप्टेंबर पूर्ण बाह्यांचे कपडे, कारण गोचिड्या असतात. घरी आल्यावर अंग तपासा. तीन-तीन पानांच्या झुडपांना हात लावू नका, पॉयझन आयव्ही अंगावर फोड आणते. दरीत फोनचं नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या.

परतताना चढ नको असेल तर प्रवाहाबरोबर खाली चालत राहा. शेवटचा टप्पा लिंकन ड्राइव्हच्या कडेने जातो, मोटारींचा आवाज होतो, पण रिज अव्हेन्यूजवळच्या विसाहिकन ट्रान्झिट सेंटरला बस मिळते. व्हॅली ग्रीनपासून तिथवर दीड-पावणेदोन तास धरा.