लिथियम, फ्लुओक्सेटिन आणि मशरूम: कोणती गोळी कुठे आडवी येते

'डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना नशेचे मशरूम किंवा एलएसडी घेतलं तर काय होतं?' गोळीचं नाव न विचारता कुणी याचं उत्तर देत असेल, तर तो अंदाजपंचे बोलतोय असं खुशाल समजा.

आधी लिथियम, कारण सगळ्यात वाईट तिथे घडतं. बायपोलरसाठी (मूड कधी टोकाला चढतो, कधी कोसळतो तो आजार) लिथियम घेणाऱ्यांनी एलएसडी, मशरूमसारखं काही घेतल्याच्या ऑनलाइन नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. ६२ नोंदींपैकी ४७ टक्क्यांत फिट आली होती. लॅमोट्रिजिनच्या ३४ नोंदींत एकही नाही. हे लोकांनी आपणहून लिहिलेलं. ज्यांना त्रास झाला ते जास्त लिहितात, म्हणून ४७ टक्के ही खरी जोखीम धरू नये. पण दोन्ही मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळ्या, आणि फरक एवढा! तो योगायोग म्हणून सोडण्यासारखा नाही. लॅमोट्रिजिनवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. फिट आली नाही तरी बायपोलरमध्ये मॅनिया, म्हणजे मूड बेफाम चढणं, उसळण्याची भीती असतेच.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे सेरोटोनिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) वाढवणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्यांचं गणित निराळं. एलएसडी आणि मशरूममधलं सायलोसिबिन सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए रिसेप्टरवर काम करतं. या गोळ्या रोज चालू असल्या की बऱ्याच जणांना असर बोथट जाणवतो. घोळ होतो तो पुढे. 'चढलंच नाही' म्हणून एलएसडी लावलेला दुसरा कागद जिभेवर जातो. कागदावर किती आहे, मुळात एलएसडीच आहे की एलएसडी म्हणून खपवलं जाणारं एनबोम हे दुसरंच रसायन, हे बघून कळत नाही; एनबोमने माणसं दगावली आहेत. काहीजण आधी गोळीच बंद करतात. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक सोडलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात शॉक बसल्यासारखे झटके. फ्लुओक्सेटिन उलट चिवट: त्याचा अंश कित्येक आठवडे शरीरात राहतो. म्हणून एमएओ (सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम) रोखणारं औषध सुरू करण्याआधी डॉक्टर ५ आठवडे थांबतात. आठवडाभर बंद ठेवून काहीच साधत नाही. मूळ आजार मात्र परतू शकतो.

आयाहुआस्का, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला भ्रम घडवणारा काढा, याच रांगेत बसवू नका. त्यातल्या वेलीतलं हार्मिन एमएओ-ए हे एन्झाइम अडवतं, आणि वरून सेरोटोनिन वाढवणारी गोळी. इथे असर बोथट होत नाही, सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे सेरोटोनिन अति झाल्याने होणाऱ्या त्रासाचा, धोका उभा राहतो. मोक्लोबेमाइड या एमएओ रोखणाऱ्या डिप्रेशनच्या गोळीसोबत एमडीएमए (एक्स्टसी) घेऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. लिनेझोलिड हे अँटिबायोटिकही एमएओ रोखतं, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फनही सेरोटोनिनवालेच. डिप्रेशनच्याच ब्युप्रोपिऑन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गोळ्या यकृतातलं सीवायपी२डी६ हे औषधं मोडणारं एन्झाइम दाबतात, त्यामुळे एमडीएमएची रक्तातली पातळी वाढते. शिवाय ब्युप्रोपिऑन स्वतःच फिटची शक्यता वाढवतं.

सेरोटोनिन सिंड्रोम ओळखायचा कसा? घाम, जुलाब, मोठ्या झालेल्या बाहुल्या, अस्वस्थता, ताप. डॉक्टर पाऊल झटकन वर दाबून धरतात. घोटा आपोआप टकटक उडत राहिला तर संशय पक्का होत जातो. हा ताप आखडलेल्या स्नायूंमुळे चढतो, म्हणून पॅरासिटामॉलने उतरत नाही. दवाखान्यात बेंझोडायझेपिन (शांत करणारं औषध) देतात, अंग थंड करतात, गरजेप्रमाणे सायप्रोहेप्टाडिनही देतात. हो, तीच ती भूक वाढवायची गोळी! ती घरी देऊन बघत बसू नका.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, वेळ घड्याळात बघा. कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. १०८ ला फोन करा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि काय घेतलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. पोलिसांच्या भीतीने 'काही नाही, चक्कर आली' म्हटलं, तर पहिला तास भलत्याच तपासण्यांत जातो.