किलिमांजारोला फिटनेस किती लागतो? तुम्ही विचारलंत म्हणून

टांझानियातल्या किलिमांजारो डोंगरावरून आल्यापासून लोक मला एकच विचारतात, की फिटनेस किती लागतो गं, रोज किती पळायचं, जिम किती महिने लावायची, वय पंचेचाळीस आहे तर जमेल का. प्रत्येकाला फोनवर तुटक तुटक सांगत आले, आता एकदाच सगळं लिहून काढते. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, की पहिला प्रश्न फिटनेसचा नाहीये, पहिला प्रश्न दिवसांचा आहे. किती दिवस देणार तुम्ही त्या डोंगराला?

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. दादा आणि मी पहिल्यांदा गेलो ते मरांगू रूटने, पाच दिवसांचं पॅकेज. दादा वर्षाला दोन हाफ मॅरेथॉन पळणारा, मी नुसती चालणारी, त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी माझी. तिसऱ्या दिवशी दुपारी किबो हटला, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या मुक्कामाला पोचलो, संध्याकाळी दादा बाहेर जायला निघाला, बूट घातले, लेस बांधायला वाकला आणि त्याला लेस बांधताच येईना. दोन्ही टोकं हातात धरून नुसता बघत बसला. मला वाटलं थंडीने बोटं आखडली असतील. गाइडला मात्र तसं वाटलं नाही, त्याने दादाला उभं केलं आणि सरळ रेषेत चालायला सांगितलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत, आणि माझा पळणारा भाऊ तिसऱ्या पावलाला कलंडला. गाइडने माझ्याशी चर्चा वगैरे काही केली नाही. अर्ध्या तासात आम्ही अंधारात खाली निघालो, दादाच्या दोन्ही बाजूंना दोघं जण, मागे मी, आणि होरोंबो हटपर्यंत हजार मीटर उतरलो. सकाळी दादाने स्वतःहून नाश्ता मागितला. तो वाचला कारण त्या गाइडने वेळेवर ओळखलं, हे मी कधी विसरणार नाही. मेंदूला सूज यायला लागल्याची ती लक्षणं होती, तोल जाणं, साधी गोष्ट न जमणं, आणि त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं, लगेच, सकाळची वाट न बघता.

आता हे का झालं ते बघा. वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजनचा टक्का बदलत नाही, तो 21 च राहतो, पण हवेचा दाबच कमी होतो, उहुरू या किलिमांजारोच्या शिखरावर म्हणजे 5,895 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच येतो. शरीर याला जुळवून घेतं, श्वास जलद होतो, त्यामुळे रक्तातलं जे गणित बिघडतं ते मूत्रपिंडं नव्याने बसवतात (वर गेल्यावर सारखं लघवीला लागतं ते यामुळेही, तेव्हा त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका), पण या सगळ्याला दिवस लागतात आणि तुमचे पाय किती दणकट आहेत याच्याशी त्याचा संबंध नसतो. उलट ज्याच्यात दम असतो तो भराभर वर जातो आणि शरीराला मिळायचा वेळच कमी करतो. दादाचं तेच झालं.

डॉक्टर लोकांचा यावरचा ढोबळ नियम असा, की 3,000 मीटरच्या वर गेलं की आज रात्री जिथे झोपलात त्याच्यापेक्षा उद्याची झोपायची जागा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्कामाची उंची वाढवायचीच नाही. झोपायची जागा, हे महत्त्वाचं. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री खाली या.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर बाकी काही नको, फक्त प्रत्येक रात्री झोपायची उंची लिहा. आमचं पहिल्या वेळचं पान असं होतं, मंडारा 2,700, होरोंबो 3,700, किबो 4,700. बस. रोज हजार, हजार, आणि मग त्याच मध्यरात्री उठून शिखर. हा कागद आम्ही निघायच्या आधी लिहिला असता ना, तर तिथेच थांबलो असतो. आम्ही काय लिहिलं होतं तर चार कंपन्यांचे रेट.

तीन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा लेमोशो रूट, आठ दिवस, सात रात्री. पश्चिमेकडून चढायचं. पहिली रात्र जंगलात म्टी म्कुब्वाला, म्हणजे मोठं झाड, साधारण 2,650, मग शिरा एक 3,500, शिरा दोन 3,850, मग बरांको 3,950, करांगा 4,000, बराफू 4,650, आणि सातवी रात्र शिखरावरून उतरताना. (बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ, ऐकलं तेव्हा मला एकदम घरचं वाटलं.) हा कागद पण काही आदर्श नाहीये, सुरुवातीला एक मोठी उडी आहे आणि शेवटची 650 ची आहे. पण मधल्या चार रात्री बघा, 3,500 ते 4,000 च्या आतच फिरवतात तुम्हाला, आणि त्यातच एक दिवस 4,600 मीटरच्या लाव्हा टॉवरला नेऊन पुन्हा साडेसहाशे मीटर खाली बरांकोला झोपायला आणतात. त्या दिवशी सगळे कुरकुरतात, एवढं चढून परत उतरायचं कशाला म्हणून, पण अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात कामाचा दिवस तोच.

मग लोक म्हणतात आठ दिवस म्हणजे महाग. हो, महाग आहेच, आणि का ते समजून घ्या. पार्कची फी दिवसावर आहे. आम्ही गेलो तेव्हा परदेशी माणसाला दिवसाला 70 डॉलर आणि कॅम्पिंगचे रात्रीला 50, त्यावर 18 टक्के व्हॅट, म्हणजे एक दिवस वाढवला की नुसते पार्कचे 141 डॉलर 60 सेंट वाढतात, वर क्रूचा पगार आणि जेवण वेगळं. जायच्या आधी चालू रेट बघून घ्या. स्वस्त पॅकेज कशातून स्वस्त होतं तर एकतर दिवस कापून, नाहीतर पोर्टरचे, म्हणजे सामान वाहणाऱ्यांचे, पैसे कापून. तुमचं बजेट आठ दिवसांचं नसेल तर मी म्हणेन एक वर्ष थांबा, पैसे साठवा, डोंगर कुठे जात नाही. कोणी म्हणतं बर्फ संपायच्या आत जायचंय. बर्फ खरंच चाललाय, 1912 साली जेवढा होता त्यातला साधारण 85 टक्के 2007 पर्यंत गेला होता, आणि जे उरलंय ते बघताना माझ्या पोटात तुटलं, पण म्हणून पाच दिवसांत धावत जाणं हा त्याच्यावरचा उपाय नाही. मरांगूच करायचा असेल, कारण तिथे तंबू नाही, लाकडी हट आहेत, तर निदान सहा दिवसांचा घ्या, होरोंबोला दोन रात्री.

डायमॉक्स या गोळीचं पण सगळे विचारतात. त्याने जुळवून घ्यायला मदत होते, आम्ही दुसऱ्या वेळी दोघांनी घेतली, बोटांना मुंग्या येतात, पण घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगून. दिवसांऐवजी गोळी असं मात्र करू नका. आणि डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय हे गाइडपासून लपवू नका, लपवतात लोक, शिखर हुकेल म्हणून, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

विषुववृत्ताजवळचा डोंगर म्हणजे काय हे मला तिथे जाईपर्यंत कळलं नव्हतं. किलिमांजारो विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला, त्यामुळे वर्षभर दिवस बाराच तासांचा, आणि आपण ज्याला उन्हाळा-हिवाळा म्हणतो तो तिथे वर्षाचा नसून दिवसाचा असतो. दुपारी ऊन थेट डोक्यावर, मान भाजून निघते, आणि सूर्य गेला की तासाभरात तंबूवर हिम. झाडंसुद्धा तसंच जगतात. बरांकोला ते मोठाले सेनेसिओ आहेत, माणसापेक्षा उंच, वाळलेली पानं गळू न देता खोडाभोवती गुंडाळून ठेवतात थंडीसाठी, आणि लोबेलिया रोज संध्याकाळी पानं मिटून आतला कोंब झाकून घेते आणि सकाळी पुन्हा उघडते. मी दोन दिवस संध्याकाळी एकेका लोबेलियापाशी जाऊन उभी राहिले. पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये असं उभं राहायला कोणी वेळ देत नाही.

वेळ मोजायची पद्धत पण यातूनच आलेली. सूर्य रोज जवळपास त्याच वेळी उगवतो, म्हणून स्वाहिलीत तास तिथून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बराफूला गाइड म्हणाला सा सिता उसिकू, रात्री सहाला निघायचं, म्हणजे मध्यरात्री बाराला. मध्यरात्री का, तर वरचा भुसभुशीत मुरूम थंडीत गोठून घट्ट असतो, आणि उजाडताना स्टेला पॉइंटला, म्हणजे विवराच्या कडेला पोचता येतं. वजा दहाच्या खाली थंडी, वारा वेगळाच. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, तेव्हा रुंद तोंडाची बाटली घ्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणून. मोबाइल आणि बॅटरी अंगाशी. दादा माझ्या पुढे होता, मी सहा तास फक्त त्याच्या टाचा बघत गेले, पोले पोले, म्हणजे हळू हळू, इतकं हळू की एका पावलाला एक पूर्ण श्वास. उहुरूच्या पाटीपाशी आम्ही दोघं एकमेकांशी काही बोललोच नाही.

आता फिटनेस, कारण विचारलंत. चढाईसाठी सलग पाच-सहा दिवस रोज सहा-सात तास सावकाश चालता आलं की पुरे. खरी तयारी उतारासाठी करा. शिखराच्याच दिवशी तुम्ही 5,895 वरून 3,100 ला म्वेका कॅम्पला उतरता, म्हणजे जवळजवळ 2,800 मीटर उतार, तेही रात्रभर जागून, आणि तिथे गुडघे आणि मांड्या बोलतात. तीन-चार महिने जिने उतरायचा सराव करा, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन. चढायचा सराव सगळे करतात, उतरायचा कोणी करत नाही. काठ्या दोन घ्या.

महिना विचाराल तर जानेवारी-फेब्रुवारी नाहीतर जून ते ऑक्टोबर. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. रोंगाई रूट उत्तरेकडून येतो, त्या बाजूला पाऊस कमी, त्यामुळे सुट्टी आडमहिन्यातच मिळत असेल तर तो बघा. टांझानियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2019 पासून बंदी आहे, पॅकिंग त्या हिशोबाने. इन्शुरन्स 6,000 मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकट.

आणि पोर्टर. गाइडशिवाय जाताच येत नाही, तो नियमच आहे, पण आम्हा दोघांसाठी एकूण दहा माणसं होती हे पहिल्यांदा बघून मला कसंतरी झालं. एका पोर्टरने जास्तीत जास्त 20 किलो उचलायचं, गेटवर वजन होतं. तुमची बॅग 15 च्या आत ठेवा. कंपनीला सरळ विचारा की पोर्टरला रोजचे किती देता, त्यांना तीन वेळ जेवण आहे का, झोपायला धड तंबू आहे का. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था हेच तपासते, कंपनी त्यांची पार्टनर आहे का ते बघा. टिप रोख लागते, ती आधीच बाजूला काढून ठेवा, शेवटच्या दिवशी घासाघीस करू नका, ज्या माणसाने माझ्या भावाला अंधारात धरून खाली आणलं तो पोर्टरच होता.

कंपनीशी बोलताना पहिला प्रश्न किमतीचा नको. पहिलं विचारा, रात्री कुठे कुठे झोपवणार, उंचीसकट सांगा. जो लगेच सांगेल त्याच्याशी पुढे बोला. मग तो कागद भरा आणि हवं तर मला दाखवा, मी कधीही बघून देईन.