वहीतलं बदललेलं अक्षर

मे २०१८ मधली गोष्ट. मी जालना जिल्ह्यात कृषी सहायक होते. स्वतःच्या सजाची, म्हणजे नेमून दिलेल्या कार्यक्षेत्राची, तीन गावं आणि वर चौथ्याचा अतिरिक्त कार्यभार. त्या चौथ्या गावातलं एक शेततळं मोजायचं होतं.

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं. आखणी मीच करून दिली होती, तेव्हा शेतकरी चुन्याची पाटी घेऊन माझ्यामागं फिरत होता. २०१२च्या दुष्काळात त्याची मोसंबी वाळून गेली होती. नवी झाडं लावली, पण यंदा ती मरू द्यायची नाहीत, एवढं एकच तो बोलत होता. तळं सगळ्यात मोठं मागितलेलं: तोंड ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, तळ २४ बाय २४. म्हणजे २१९६ घनमीटर माती-मुरूम काढायचा. त्याला अनुदान ५० हजार, तेही काम झाल्यावर. अग्रिम एक रुपयाही नाही.

पोचले तर बांधावर त्याची बायको, नववी-दहावीतला मुलगा आणि दीर. “भाऊ कुठं आहेत?” विचारलं. दीर म्हणाला, “बाहेरगावी गेलेत. तुम्ही मोजा, मॅडम.”

टेपची कडी तिनं टाचेखाली दाबून धरली. पदर भुवयांपर्यंत ओढलेला. मेच्या उन्हात सगळ्याच बाया तसा ओढतात, म्हणून मला काही वाटलं नाही. एका कोपऱ्यात खडक लागला होता. पोकलेनच्या बकेटला तो दाद देईना, तेव्हा मायलेकांनी पहारीनं फोडून टोपल्यांनी बाहेर काढला होता. खोली तिथंही पुरेपूर भरली.

मग पोकलेनच्या तासांची वही मागितली. मुलानं दिली. पहिली दोन पानं ठाशीव, तिरप्या अक्षरातली. तिसऱ्या पानावर मधेच अक्षर बदललं. गोल, शाळेतलं. मी मुलाकडं पाहिलं. तो खाली बघत होता.

“आठव्या दिवशी गेले,” ती म्हणाली. “इथंच. छातीत कळ आली. गावात म्हणले, माणूस गेला की मंजुरी बी गेली. म्हणून सांगितलं नाही, मॅडम. पोकलेनवाला रोज दारात येतो.”

दीरानं हात जोडले. “दादाचं पासबुक आहे. तुम्ही फक्त सही करा, पैसे त्याच्याच खात्यात येऊ द्या.”

सही केली असती, तर पैसे मेलेल्या माणसाच्या खात्यात जाऊन बसले असते आणि तिच्या हाती लागले असते की नाही, देव जाणे. मी नाही म्हणाले. तिचा चेहरा पडला तो अजून आठवतो. तिथंच बांधावर बसून तिला समजावलं, मोजमाप पुस्तिकेत आकडे लिहिले आणि तालुक्याला फोन लावला. वारस नोंद, बाकीच्या वारसांचं संमतिपत्र आणि तिच्या नावाचं आधार जोडलेलं खातं, एवढं आलं तर प्रस्ताव पुढं जाईल असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी स्वतः तलाठ्याकडं गेले. वारसाचं नाव सातबाऱ्यावर चढवायचं, तर फेरफाराच्या नोटिशीचेच पंधरा दिवस.

आधी काम, मग पैसे हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. खोटी तळी त्यामुळंच अडतात. पण काम आणि पैसे यांच्यामधले महिने घर स्वतःच्या अंगावर काढतं, आणि त्या महिन्यांत माणूस मेला तर त्याची बायको काय करणार, हे फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही. पती-पत्नी दोघांची नावं अर्जातच घ्यावीत, असं मी त्यानंतर प्रत्येक बैठकीत बोलत आले.

पाऊस त्या वर्षी रुसलाच. ३१ ऑक्टोबरला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. तळ्यात कमरेएवढंच पाणी साठलं होतं. मायलेक ते बादलीनं झाडांना घालत होते.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. “ताई, पैसे जमा झाले. पोकलेनवाल्याचं मिटवलं.” मग जरा थांबून विचारलं, “तळ्यावर बोर्ड लावायचाय ना, त्याच्यावर नाव कुणाचं टाकू?”

“दोघांचं टाका,” मी म्हणाले.