बेचवर्थचा चुना आणि नावांची इंजिनं

वणी तालुक्यात वाढलेल्या माणसाला चुन्याची भट्टी काय असते हे सांगावं लागत नाही. राजूरच्या भट्ट्यांचा धूर, रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेला पांढरा थर, ट्रकच्या फाळक्यातून सांडत जाणारी चुन्याची कळी, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यामुळे इंग्लंडात रेडहिलला राहायला आल्यावर गिल्डफर्डकडे जाणाऱ्या गाडीतून डोंगराचा पांढराफेक कापलेला कडा दिसला, तेव्हा ही खदान चुन्याचीच, हे ओळखायला वेळ लागला नाही. स्टेशनचं नाव बेचवर्थ. तिथल्या कंपनीची आणि तिच्या वाफेच्या इंजिनांची गोष्ट गावाकडच्या लोकांना सांगावी असं फार दिवस मनात होतं. आता सुट्टीत घरी आले आहे, तर इथं बसूनच लिहिते.

कंपनीचं नाव डॉर्किंग ग्रेस्टोन लाइम कंपनी. सुरुवात १८६५ ची. सरे परगण्यात नॉर्थ डाउन्स नावाची टेकड्यांची लांब रांग आहे आणि ती जवळजवळ सगळी चॉकची आहे. चॉक म्हणजे चुनखडकच, पण मऊ. समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ साचून झालेला, नखानं ओरखडा उठेल इतका. आपल्याकडचा पैनगंगेच्या खोऱ्यातला चुनखडक याहून कितीतरी जुना आणि टणक. तो सुरुंगाशिवाय हलत नाही. बेचवर्थला मात्र वेगळंच धन सापडलं होतं. टेकडीच्या वरच्या भागात शुभ्र चॉक आणि त्याखाली करड्या रंगाचा थर. या करड्या दगडात मूळचीच थोडी चिकणमाती असते. तो भाजला की मिळणारा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. साध्या चुन्याला घट्ट व्हायला हवा लागते, याला तेवढी लागत नाही. पाया, पूल, धक्के अशा ओलीच्या बांधकामाला हाच माल हवा. कंपनीच्या नावातलं 'ग्रेस्टोन' म्हणजे हाच करडा दगड.

पण चांगला दगड असून भागत नाही. शंभर किलो शुद्ध चुनखडक साधारण ९०० अंशांवर भाजला की ५६ किलो कळीचा चुना उरतो, बाकी वायू होऊन उडून जातो. म्हणून भट्टी नेहमी खदानीच्या पायथ्याशी. उडून जाणारं वजन उगाच कोण वाहून नेणार? मग प्रश्न उरतो कोळसा आणायचा आणि चुना न्यायचा. बेचवर्थच्या पायथ्यालगत १८४९ मध्येच रेल्वे आली होती. कोळसा रुळावरून यायचा आणि चुना रुळावरूनच जायचा. राजूरला भट्ट्या का लागल्या याचं उत्तरही हेच आहे: दगड जवळ, कोळसा जवळ, रूळ जवळ.

आता इंजिनं. ही लांब पल्ल्याची नव्हेत. खदान ते भट्टी, भट्टी ते स्टेशन, एवढीच त्यांची दुनिया. सगळ्यात जुनं १८७१ चं, हेड राइटसन कारखान्यातलं. त्याचा बॉयलर आडवा नाही, सरळ उभा. चार चाकांच्या गाड्यावर उभं पिंप बसवावं तसं दिसतं, म्हणून त्याला 'कॉफी पॉट' हेच नाव पडलं. उभ्या बॉयलरमुळे लांबी कमी होते आणि अडचणीच्या जागेत ते वळतं. मग १८७७ मध्ये 'कॅप्टन बॅक्स्टर' आलं. ते व्हाइटहेवनजवळच्या लोका इथल्या फ्लेचर जेनिंग्ज कारखान्यात बनलेलं. वेल्समधल्या तालिथ्लिन रेल्वेची दोन जुनी इंजिनंही याच कारखान्यातली. बॅक्स्टर चालायचं ते नेहमीच्या, म्हणजे १४३५ मिलिमीटर अंतराच्या रुळावर, कारण त्याचे डबे थेट मोठ्या रेल्वेला जोडायचे असत.

खदानीच्या आतले रूळ अरुंद होते. त्यांचं अंतर तीन फूट सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे ९७२ मिलिमीटर. या मापाच्या रुळांसाठी त्याच कारखान्यानं १८८० मध्ये एक जोडी बनवून दिली: 'टाउनसेंड हूक' आणि 'विल्यम फिनले'. कारखान्याचे क्रमांकही लागोपाठ, १७२ आणि १७३. टाउनसेंड हूक मी जवळून पाहिलं आहे. चार चाकं, मागे वेगळा टेंडर नाही, पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर. एवढंसं यंत्र, पण पत्र्यावरची रिबिटांची रांग पाहत उभं राहिलं की त्यामागे किती हात लागले असतील ते जाणवतं. या जोडीनं सत्तरहून अधिक वर्षं चॉक ओढला.

इथे आल्यावर एका संध्याकाळी फोटो मोठेबाबांना दाखवले. त्यांची उमर भट्टीवर गेली. बोटांच्या पेरांवरच्या भेगा अजून बुजल्या नाहीत. फोटो पाहून त्यांनी इंजिनाबद्दल काहीच विचारलं नाही.

"भट्टी कोन भरे तथी?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी सांगितलं, मजूरच भरायचे. वरून कोळशाचा थर, दगडाचा थर, पुन्हा कोळसा. खालून भाजलेला माल काढायचा.

"मंग आपल्यासारखंच हाय. दगड सारख्या मापाचा फोडे का नाई? लहान-मोठा झाला का लहान जळते अन् मोठा कच्चा राह्यते."

मग ते अंगणात गेले आणि दोन गोटे घेऊन आले. एक भाजलेला, एक अर्धवट. दोन्ही माझ्या हातावर ठेवले. दिसायला सारखेच, पण भाजलेला इतका हलका की हात आपोआप वर आला. दुसऱ्याच्या पोटात दगड तसाच होता. "पाहाचं कायले, तोलाचं," म्हणाले. तो ५६ किलोंचा हिशेब मी पुस्तकातून सांगत होते. त्यांच्याकडे तो तळहातावर होता. त्यांनी अर्धवट गोटा बाजूला टाकला, चांगल्यावर पाणी शिंपडलं आणि मला मागं सारलं. थोड्या वेळात तो तडकला, वाफ निघाली, आणि ढेकळाची पांढरी फक्की झाली. ती वाफ डोळ्यात गेली की काय होतं हेही त्यांनी सांगितलं. भट्टीवर डोळे गेलेले लोक त्यांनी पाहिले आहेत.

नंतर त्यांनी इंजिनांची नावं विचारली. मी वाचून दाखवली: बॅक्स्टर, हूक, फिनले. "हे भट्टीवरचे होते का?" नव्हते. चॉक फोडणाऱ्या, भट्टी भरणाऱ्या आणि कळी पोत्यात भरणाऱ्या माणसाचं नाव यातल्या एकाही इंजिनावर नाही. मला हे फार लागलं. लोखंड शंभर-दीडशे वर्षं जपलं गेलं याचा आनंद खरा आहे, आणि ज्यांच्या अंगमेहनतीवर ते लोखंड चाललं त्यांची नावं तिथं नाहीत, हेही खरं आहे.

कंपनीचं पुढे जे झालं ते सगळीकडे झालं. पोर्टलँड सिमेंटनं बांधकामातून चुन्याला हटवलं, लॉऱ्यांनी रुळांना हटवलं. १९५० च्या दशकात अरुंद रुळांची जोडी थांबली. कॅप्टन बॅक्स्टर १९६० मध्ये ब्लूबेल रेल्वेकडे गेलं. ही हौशी लोकांनी जिवंत ठेवलेली जुनी रेल्वे आहे आणि तिथे ते दुरुस्त होऊन पुन्हा वाफेवर चाललं. शेजारच्या ब्रॉकहॅमच्या बंद चुनाकारखान्यात काही मंडळींनी १९६० च्या दशकात अरुंद रुळांवरची यंत्रं गोळा करायला सुरुवात केली, टाउनसेंड हूक त्यांतलंच. १९८२ मध्ये तो सगळा संग्रह ससेक्समधल्या अँबर्लीला हलला. तीही जागा चुन्याचीच, जुन्या चॉकखदानीत वसवलेलं संग्रहालय. भट्ट्या जागेवरच आहेत, आत शिरून पाहता येतात. बेचवर्थ-ब्रॉकहॅमच्या जुन्या खदानींत आता निसर्गराखीव क्षेत्र आहे.

हे वाचताना आपल्याकडच्या लोकांना शकुंतला आठवेल, मलाही आठवली. मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरची ती अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापसासाठी आखलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं आणि मग डिझेल आलं. म्हणजे आपलंही इंजिन सत्तर वर्षं राबलं. पण ते चालवणाऱ्यांकडे, फायरमनकडे, शेडमध्ये काम केलेल्यांकडे काय काय आहे ते कुणी लिहून घेतलंय? भट्टीवाल्यांचं तर कुणीच नाही. माझ्या भाच्याला मी कामाला लावलं आहे. मोठेबाबा भट्टी कशी रचायची, जाळ कसा ओळखायचा, कोणत्या खदानीचा दगड कोणत्या कामाला, हे सांगत आहेत आणि तो मोबाइलवर टिपून घेतो आहे. मोठेबाबांच्या जोडीला कामाला असलेल्यांची नावंही ते सांगतात, गावासकट. ती आम्ही वहीत उतरवतो आहोत. राजूर, वणी, कोरपना, राजुरा भागातल्या कुणाच्या घरी भट्टीवर काम केलेलं माणूस असेल तर त्यांना बसवून विचारा, आणि मला कळवा. आत्ताच विचारा.

आणि आपल्याकडून शिकायला आलेल्या मुलांसाठी: लंडनहून अँबर्लीला थेट गाडी आहे आणि संग्रहालय स्टेशनला लागूनच आहे. वर्षभर उघडं नसतं, तारखा पाहून निघा. टाउनसेंड हूक तिथे. कॅप्टन बॅक्स्टरसाठी ब्लूबेल रेल्वेचं शेफील्ड पार्क स्टेशन गाठायचं. विल्यम फिनले वेल्समध्ये टायविनच्या अरुंद रेल्वे संग्रहालयात, आणि कॉफी पॉट पार उत्तरेला, डरहॅमजवळच्या बीमिशमध्ये. चारही एका दिवसात होत नाहीत. एकच जमणार असेल तर अँबर्लीला जा, कारण तिथे इंजिनासोबत भट्टीही पाहायला मिळते.