आमची वाटचाल : भाऊचं दुकान

आमचा धंदा जळालेल्या मोटरी भरण्याचा, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी भरण्याचा. आर्वी तालुक्यात, तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून टिनाच्या शेडमध्ये दुकान आहे. पाटीवर आता सबमर्सिबल, मोनोब्लॉक, स्टार्टर, सोलर कंट्रोलर असं बरंच काही लिहिलंय, पण आजूबाजूच्या खेड्यांत त्याचं नाव एकच आहे, भाऊचं दुकान. भाऊ म्हणजे आमचे बाबा. त्यांना जाऊन या पोळ्याला दोन वर्षं होतील. नव्या कॅलेंडरच्या मागे छापायला दुकानाची वाटचाल लिहून दे, असं बहिणीनं सांगितलं. लिहायला बसलो तर धंद्याचं बाजूला राहिलं आणि बाबांचंच निघत गेलं. आता हे कॅलेंडरमागे मावणार नाही, ते तिचं ती बघेल.

बाबा काम शिकले पुलगावात, एका मिस्त्रीच्या हाताखाली. तेव्हा पुलगाव–आर्वी छोटी लाइन चालू होती, आमची शकुंतला. सकाळी जायचे, रात्री यायचे, आणि गाडी चुकली तर मिस्त्रीच्याच ओसरीवर झोपायचे. शिकून झाल्यावर गावात दुकान टाकलं. भांडवल म्हणजे हातानं फिरवायचं कॉइल मशीन, जुना मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि मामांनी दिलेली सायकल. विहिरींना तेव्हा वरपर्यंत पाणी असायचं. तीन-पाच एचपीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) काठावर बसवला की काम भागायचं. मोटर जळली की शेतकरी ती बैलबंडीत घालून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "भाऊ, जयली! हरभऱ्याचे घाटे भरून राह्यले, आता पाणी नाई भेटलं त गेलं सारं." मग बाबांची रात्र दुकानातच.

पुढे पाणी खाली गेलं, बोअर आले, आणि बोअरसोबत पाण्यात बुडून चालणाऱ्या सबमर्सिबल मोटरी आल्या. या मोटरीची तार साध्या मोटरीसारखी साच्यावर गुंडाळून खाचेत बसवता येत नाही. प्लास्टिकचं वेष्टण असलेली जाड तार एकेक वेढा करून, सुई ओवल्यासारखी, स्टेटरच्या (मोटरीच्या न फिरणाऱ्या बाहेरच्या भागाच्या) या तोंडातून त्या तोंडात काढावी लागते. एकट्याचं काम नाही. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. कारागीर ठेवायची ऐपत नव्हती, तेव्हा दुसऱ्या बाजूला आई बसायची. स्वयंपाक आटोपला की दोघं स्टेटर मधे घेऊन समोरासमोर बसायचे. बाबा तार ढकलायचे, आई ओढून ताणून परत द्यायची आणि वेढे मोठ्यानं मोजायची. मोजता मोजताच घरातलं सगळं बोलणं व्हायचं. "चौदा... शाळेची फी भरली का? पंधरा..." आम्ही तिघं भावंडं तिथेच पोत्यावर झोपलेलो. वेढा चुकला तर आईच सांगायची, बाबांना तिचा आकडा नेहमी पटायचा. भरून झालेला स्टेटर पाण्याच्या ड्रममध्ये रात्रभर बुडवून ठेवायचा आणि सकाळी मेगर लावायचा. काटा पडला तर सगळं उचकटून पुन्हा. शेतकऱ्याच्या बोअरमधून दोनदा पाइप काढण्यापेक्षा आपली एक रात्र गेलेली बरी, हे त्यांचं धोरण होतं.

प्रत्येक मोटरीची नोंद ते वहीत ठेवायचे. शेतकऱ्याचं नाव, एचपी, स्लॉट किती, वेढे किती, तार किती गेजची, आणि शेवटच्या रकान्यात मोटर का जळली ते. मोटरी चालतात तीन फेजवर, तेव्हा त्या रकान्यात "एक फेज गेली" आणि "व्होल्टेज कमी" सगळ्यात जास्त वेळा आहे. कुठेकुठे "कन्डेन्सर लावून दोन फेजवर चालवली" असंही आहे, आणि त्यापुढे कंसात "सांगितलं होतं". आमच्या दुकानाची खरी मालमत्ता कुणी विचारली तर मी या वह्या दाखवतो. तीच मोटर पुन्हा आली की मोजमाप करत बसावं लागत नाही.

जुन्या तारेबद्दल एक सांगायला हवं. जळालेल्या मोटरीतून निघणारं तांबं कोणाचं, हा आमच्या धंद्यातला जुना वाद. बऱ्याच ठिकाणी ते दुकानदार ठेवून घेतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो. बाबा शेतकऱ्यासमोर छिन्नीनं कॉइल तोडायचे, तिथेच काट्यावर ठेवायचे आणि बिलातून त्याची रक्कम वजा करायचे. यामुळे आजूबाजूच्या दुकानदारांचे टोमणे खूप ऐकले. आजही आम्ही तसंच करतो. तांब्याचे आजचे भाव बघता जड जातं, खोटं कशाला बोलू.

उधारी हा मात्र वेगळा विषय. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकता यायचा तेव्हा, कापूस गेला तरी चुकारा (कापसाचे पैसे) हातात पडेपर्यंत आमचीही उधारी थांबायची. "कापसावर देतो", मग "तुरीवर देतो", मग पुढचा खरीप. बाबांनी तगादा लावल्याचं मला आठवत नाही. घरी किराणा आणायला पैसे नाहीत आणि वहीत हजारो रुपयांचं येणं, अशी वेळ आईनं कित्येकदा काढली. लोक बाबांच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात तेव्हा मी हेही सांगतो, की त्या मनाचा हप्ता आई भरत होती.

समाजकार्य हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. ते तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे. भगवी टोपी, पांढरा शर्ट, आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर सामुदायिक प्रार्थना. दुकानात काम अर्धवट असलं तरी प्रार्थनेला शटर खाली. दरवर्षी महाराजांच्या पुण्यतिथीला त्यांच्या आश्रमात, मोझरीला जायचे. महाराज गेले ते 11 ऑक्टोबर 1968 ला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी. त्या मिनिटाला तिथे हजारो माणसं मौन उभी राहतात. आम्हा पोरांना त्या गर्दीत न हलता उभं राहायचं एवढंच काम असायचं, तेही धड जमायचं नाही.

प्रार्थनेनंतर पारावरच गावाची कामं निघायची. कोणाला सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचंय, कोणाच्या घरी मयत झाली तर लाकडं कोण आणेल, नळाची मोटर कधी काढायची. सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत दवाखान्याच्या विम्यासाठी घरोघरून ज्वारी गोळा करत, हे बाबांनी पाहिलं होतं. त्यावरून त्यांनी आपल्या गावात ज्वारीची कोठी काढली. खळं झालं की ज्याला जमेल त्यानं पायलीभर ज्वारी द्यायची, ती विकून आलेल्या पैशातून पेशंटचं गाडीभाडं. कोठी आमच्याच दुकानाच्या मागच्या खोलीत होती, त्यामुळे उंदीरही आमचेच. हिशेब मात्र चोख. कोण पेशंट, कुठे नेला, भाडं किती, हे दर महिन्याला पारावर वाचून दाखवायचे. पुढे ज्वारीचा पेरा कमी झाला, सगळीकडे सोयाबीन आलं, तेव्हा कोठीची पेटी झाली. ती आजही चालू आहे, फक्त हिशेब बहीण ठेवते.

त्यांचं एक काम मला फार दिवस कळत नव्हतं. वीज आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊ नयेत म्हणून ऑटो स्विच काढा, आणि प्रत्येकानं मोटरीला कॅपॅसिटर (लाइनवरचा भार हलका करणारा) बसवा, तीन एचपीला 1 केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप), पाच एचपीला 2 चा, हे सांगत ते शेताशेतातून फिरायचे. मोटरी एकदम ओढायला लागल्या की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो, व्होल्टेज पडतं, आधी मोटरी जळतात आणि मग डीपी जळते. डीपी जळली की ती बदलून येईस्तोवर गहू-हरभरा वाळत उभा. हे सगळं बरोबर. पण आमचं पोट मोटरी जळण्यावर. मी एकदा म्हटलंच, "मोटरी जळल्या नाहीत तर आपण खायचं काय?" तर हसून म्हणाले, "जयतेच बे मोटर. आपण सांगून सांगून किती लोकं आयकनार?" आणि खरंच, काम कधी कमी पडलं नाही.

2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत आमचा वर्धाही होता. सरकारी धडक सिंचन योजनेच्या विहिरी झाल्या, वीजजोडण्या झाल्या, मोटरी वाढल्या. दुकान खऱ्या अर्थानं तेव्हा उभं राहिलं. बाबांनी गावातली दोन-तीन दहावी नापास पोरं हाताशी घेतली. काम शिकून त्यांनी आपापली दुकानं टाकली, त्यातलं एक तर आमच्या समोरच. बाबांनी त्याच्या उद्घाटनाला नारळ फोडला. मला तो नारळ आजही पचलेला नाही.

2017 ला आमच्याच तालुक्यातल्या काकडदरा गावानं वॉटर कपमध्ये, म्हणजे गावोगावच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, पहिला नंबर काढला. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे श्रमदान चाललं होतं. बाबा साठीच्या पुढचे, गुडघे दुखत असताना पहाटे स्कूटरवर जायचे, टोपलं वाहायचे आणि दहाला दुकानात. पाणी वर आलं तर खोल बोअरच्या मोटरी कमी होतील, असं मी म्हटलं नाही. उत्तर माहीत होतं.

घरात हा माणूस कसा होता? गावभर मोटरी सुरू करणाऱ्याच्या घरचा पंखा महिनोन् महिने बंद असायचा. "गावाच्या मोटरी चालू झाल्या असन त घरचाही पाहा," असं आई म्हणायची. पण आजारपणात उशाशी तेच बसायचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, दुकान बंद म्हणजे बंद, मग कोणाचीही मोटर असो. बहिणीचा लाकडी बैल त्यांनी स्वतः घडवलेला, चाकं बेअरिंगची, आणि शिंगांना तांब्याची तार इतक्या नेटानं गुंडाळलेली की एकही वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. गावातल्या पोरांना वह्या-पेनांची बक्षिसं दुकानातर्फे. आपल्या पोरीला मात्र कधी नंबर दिला नाही. आयोजकाच्या घरात बक्षीस जायला नको म्हणे. ती अजून त्यावरून रुसते.

शेवटचे काही महिने ते दुकानात नुसते खुर्ची टाकून बसायचे आणि आवाजावरून सांगायचे, बेअरिंग गेलंय का बुश. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गेले. अंत्यविधीला भजन त्यांच्या मंडळानंच म्हटलं. त्या वर्षीचा तान्हा पोळा गावानं थांबवू म्हटलं, आईनं थांबवू दिला नाही.

आता धंदा बदलतोय. सौर कृषी पंप आलेत. किमतीचे दहा टक्के शेतकऱ्यानं भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच, आणि पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडे. मोटर भरायला येणारं काम त्यामुळे घटलंय. पण कंट्रोलरवर एरर आला की शेतकरी आधी आमच्याकडेच येतो, म्हणून धाकटा भाऊ ते काम शिकून आला. उधारी मी आटोक्यात आणली. अर्धे पैसे आधी, बाकीचे पिकावर. बाबांना हे आवडलं नसतं, पण तांबं मला कोणी उधार देत नाही. दिवसाचा वीजपुरवठा आणि रात्रीचा, अशी पाळी अजून आहे, तेव्हा रात्री-अपरात्री फोनही आहेतच.

एक नियम तसाच आहे. गावच्या पिण्याच्या पाण्याची मोटर जळली तर ती आधी, आणि तिची मजुरी घ्यायची नाही. फक्त तार आणि बुशचे पैसे ग्रामपंचायतीनं द्यायचे. दोन ग्रामपंचायतींकडे मागच्या उन्हाळ्यापासूनचं येणं आहे. दोन्ही सरपंचांच्या शेतातल्या मोटरी आमच्याकडेच येतात, तेव्हा हे त्यांच्या वाचण्यात येईलच.