उट्झन बघायला डेन्मार्कला जाताय? मग घरांच्या टूरवर पैसे घालवू नका

योर्न उट्झन म्हणजे सिडनी ऑपेरा हाऊसवाला डॅनिश आर्किटेक्ट. त्याची कोपनहेगनच्या आसपासची कामं बघायला आम्ही गेलो आणि एका टूरवाल्याने माणशी १२०० क्रोनर घेतले, पंधराएक हजार रुपये झाले, कबूल काय केलेलं तर हेलसिंगोरची किंगो घरं आतून दाखवणार. आतून कसली, तिथे लोक राहतात! साठेक घरं, सगळी एल आकाराची, अंगण आतल्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून दिसतात पिवळ्या विटांच्या भिंती आणि धुराडी, बस. समुद्राकडून बोचरा वारा सुटलेला, आम्ही तासभर भिंतींच्या कडेकडेने चालतोय आणि गाईड मोबाईलवर आतले फोटो दाखवतोय. सरळसरळ लुबाडणूक आहे ही.

तीच कल्पना फ्रेडेन्सबोर्गला जास्त चांगली कळते, तीही फुकट. परदेशात नोकऱ्या करून परतलेल्या डॅनिश लोकांसाठी बांधलेली वसाहत. अंगणाची भिंत कुठे डोक्याच्या वर तर चार पावलांवर एकदम खाली उतरलेली, कारण वारा कुठे अडवायचा आणि नजर कुठे मोकळी सोडायची हे उट्झनने घराघरानुसार ठरवलं. फक्त कोणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका.

पण एकच जागा बघणार असाल तर बाउस्वेअरचं चर्च, १९७६ चं. बाहेरून अगदी गोदाम, बरोबरचे लोक परत फिरायला निघाले होते. आत गेलात की वर काँक्रीटचं छत ढगासारखं वळत वळत चढत जातं, पांढरं, त्यावर फळ्यांचे ठसे तसेच ठेवलेत, आणि उजेड वरून कुठून तरी झिरपत येतो. मी बाकावर बसलो तो उठवेना! सिडनीत सरकारशी बिनसलं म्हणून उट्झन १९६६ ला ऑपेरा हाऊसचं काम सोडून आला, तिथलं आतलं काम दुसऱ्यांनी केलं, आणि २००८ ला वारला तोवर पूर्ण झालेलं ऑपेरा हाऊस त्याने प्रत्यक्ष बघितलंच नाही. तिथे राहून गेलेलं त्याने इथे केलं असं मला अगदी मनापासून वाटतं.

जायचं कसं, तर २४ तासांचा सिटी पास लार्ज, म्हणजे ट्रेन-बसचा पास काढा, तिन्ही ठिकाणं त्यात बसतात. चर्चमध्ये लग्न किंवा अंत्यविधी असला तर आत जाता येत नाही, वेळ आधी बघून घ्या आणि तिथे सकाळीच जा. विंडचीटर पाहिजेच. ओल्बोर्गचं उट्झन सेंटर ट्रेनने चार-साडेचार तास लांब आहे, हाताशी दोन दिवस जास्तीचे असतील तरच तिकडे वळा.