तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी का सोडलीत?

सोडली नाही. काढलं. एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी चहा पाजून हा कागद पुढे करता येईल.

पुण्याजवळ भोसरीत वर्कशॉपचा गाळा असला की दरवर्षी एमबीएची मुलं प्रश्नावली घेऊन येतात. बरीचशी गुरुवारी येतात आणि कुलूप बघून परत जातात, कारण एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते हे त्यांना कोणी सांगत नाही. यंदा आलेली मुलगी मात्र बुधवारी आली. तिच्या फॉर्मचे तीन भाग होते : धंद्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, घरच्यांना काय वाटतं आणि आपल्याला जमेल असं वाटतं का. तिन्ही जुळलं की इरादा पक्का होतो आणि इरादा पक्का झाला की माणूस कामाला लागतो, असं आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1991 साली मांडलंय म्हणे. पूर्ण असहमत 1, पूर्ण सहमत 5.

माझा इरादा 1998 पासून पक्का होता. डिप्लोमा झाल्यापासून मित्र उठून जाईपर्यंत तेच बोलायचो. अकरा वर्षं इरादा पक्का होता आणि मी फर्स्ट शिफ्टची बस पकडत होतो. मग 2009 चा जानेवारी आला. गाड्यांची मागणी झोपली होती. आमच्या टूलरूममधल्या अकरा जणांना एका दुपारी वर बोलावलं. मार्चमध्ये मी जुना लेथ घेतला.

"सर, याला पण थिअरी आहे," मुलगी म्हणाली. शपेरो म्हणून कोणी आहे, त्याचं म्हणणं, माणूस बसल्या जागेवरून ढकलला गेला की उद्योजक होतो. थिअरी चांगली आहे. अकरा वर्षं आधी कोणी ढकललं असतं तर बरं झालं असतं.

2014 साली एका कॉलेजात मी 'जिद्द' या विषयावर भाषण केलं. "नोकरीवर लाथ मारली," असं म्हणालो. टाळ्या पडल्या. तो फोटो अजून ऑफिसात आहे, बायको काढ म्हणते, मी काढत नाही. कारण ते शंभर टक्के खोटं नव्हतं. दुसरी नोकरी मिळत होती, तीन हजार कमी पगारावर. ती मी घेतली नाही. एवढं माझं.

पुढचा प्रश्न ठरलेला : मग टिकलात कशामुळे? तिथेही मी 'जिद्द' म्हणायचो. 2018 नंतर म्हणत नाही.

2018 ची धनत्रयोदशी, सोमवार होता. एका मोठ्या पार्टीकडे, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीकडे, माझी तीन बिलं अडकली होती. आठ लाखांचं जॉबवर्क, त्यावर तेव्हाचा 18 टक्के जीएसटी, एकूण 9,44,000. सगळ्यात जुनं बिल 130 दिवसांचं. मटेरियल त्यांचं, मजुरी माझी, म्हणजे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) नावापुरतं. 1,44,000 मधले बहुतेक मी खिशातून भरून बसलो होतो. सरकारला बिल दिसतं, पैसे आले का ते दिसत नाही.

सकाळी दहाला गेटवर पोचलो. रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'पेमेंट' लिहिलं. सिक्युरिटीवाला हळूच म्हणाला, "साहेब, 'डिस्कशन' लिहा. पेमेंटवाल्याला आज आत सोडू नका म्हणून सांगितलंय." खोडून 'डिस्कशन' लिहिलं. आत झेंडूची तोरणं, रांगोळी. कोणीतरी मला स्टाफमधला समजून काजूकतलीचा बॉक्स हातात दिला. तो मांडीवर ठेवून मी दीडपर्यंत बसलो.

दीड वाजता अकाउंट्सवाल्यानं सांगितलं, एका बिलाचा जीआरएनच, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंदच, पडलेला नाही. मी त्यांचाच शिक्का मारलेलं, माल पोचवल्याचं चलन दाखवलं. "स्टोअरचा माणूस सुट्टीवर आहे." दुसऱ्या बिलावर रिजेक्शन निघालं : 212 बुश (धातूच्या छोट्या नळ्या), बोअर, म्हणजे आतलं भोक, 15 मायक्रॉनने मोठा. ते बुश जुलैत दिले होते. एव्हाना गाड्यांत बसून रस्त्यावर पळत असणार. परत द्या, मोजून बघतो, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तेवढंही म्हणालो नाही. 61,000 च्या डेबिट नोटवर, म्हणजे बिलातून तेवढे कापायच्या कागदावर, सही केली. साडेचारला दोन लाखांचा चेक मिळाला. तारीख 20 नोव्हेंबर.

शेडमध्ये आठ माणसं बोनससाठी थांबली होती. मी बायकोला फोन केला. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती पाटल्या घेऊन पतपेढीत आली. त्या दिवशी लोक सोनं घरी आणतात, आम्ही तारण ठेवून आलो. "पावती नीट ठेव," एवढंच म्हणाली. काजूकतली मी माणसांत वाटून टाकली.

तक्रार का नाही केलीत, असंही विचारता. कायदा 2006 पासून आहे. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. अशा तक्रारींसाठीच्या सरकारी 'समाधान' पोर्टलचा फॉर्म मी दोनदा उघडला, दोनदा बंद केला. माझं निम्म्याहून जास्त काम त्याच गेटमधून यायचं. 2024 पासून तर आयकराचा नियम आला, मुदतीत पैसे दिले नाहीत तर पार्टीला तो खर्च प्रत्यक्ष देईपर्यंत उत्पन्नातून वजा करता येत नाही. वाटलं, आता बरं होईल. दुसऱ्या एका पार्टीनं फोन करून विचारलं, तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करता येईल का? म्हणजे तो नियम त्यांना लागायला नको. मी नाही म्हणालो. त्यांचं काम हळूहळू आटलं. भित्रा म्हणा हवं तर. आठ पगार देऊन मग म्हणा.

म्हणून हल्ली मी सांगतो, मी टिकलो ते एक तारखेला येणाऱ्या बायकोच्या पगारावर. हेही काहींना पटत नाही. त्या अकरा जणांत आणखी एक होता, हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्यानं माझ्याआधी, फेब्रुवारीतच मशीन घेतलं होतं. 2011 मध्ये एका पार्टीनं त्याला पाच महिने लटकवलं. घरात दुसरा पगार नव्हता. मशीन भंगाराच्या भावानं गेलं. आता तो माझ्याकडे सेटर आहे, मशीन कामासाठी लावून देतो. त्याच्यासमोर मी पगाराचं बोललो की चिडतो. "माझी कीव करू नको," म्हणतो. "मी कोटेशन कमी देत होतो. तू नव्हतास देत." खरं आहे, नव्हतो देत. ते मला कोणी शिकवलं, आठवत नाही.

मुलगी निघाली तेव्हा मी म्हटलं, याचाही एक फॉर्म भरून घे. तिनं यादी पाहिली. "सर, सध्या चालू असलेल्या व्यवसायाचे मालकच लागतात." एक कोरा फॉर्म टेबलावर विसरून गेली. त्या फॉर्मच्या पाठीमागे माझ्या सेटरनं दुसऱ्या दिवशीच्या जॉबचे ऑफसेट, म्हणजे मशीन लावायची मापं, लिहून मशीनला चिकटवलेत.